शह, मात आणि जिच



माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि चाळीच्या गॅलरीत झाले. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मी तेव्हा बारा वर्षांचा. आमच्या चाळीत रिकामे हात बुद्धिबळाच्या पटाकडे वळले.

एके दुपारी तिथे कडाक्याचे भांडण जुंपले. एकाचा राजा कोपऱ्यात कोंडला होता. त्याला शह नव्हता, पण पाऊल टाकावे ते घर मारातले, आणि हलवायला दुसरे मोहरेही उरले नव्हते. एक म्हातारा म्हणे, "जिच केलीस. चाल मागे घे, दुसरी कर." समोरचा म्हणे, "क्लबात ही बरोबरी धरतात." तिसरा ओरडला, "कोंडला तो हरला!" ह्यांतला खरा कोण हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. खरे तिघेही होते. फक्त शतके आणि मुलूख निराळे.

मुळात हा प्रश्न उद्भवतो तो राजाला मारता येत नाही म्हणून. बाकीची मोहरी मरतात, राजा मरत नाही. इराणी खेळाडू राजावर चाल आली की 'शाह' म्हणून बजावीत. आपला 'शह' तोच. नकळत राजा गमावून डाव फुकट जाऊ नये, हा त्यातला हेतू. आमच्या भाषेत, आगाऊ नोटीस! (आजच्या स्पर्धांत तोंडाने 'शह' म्हणण्याचे बंधन नाही, डोळे उघडे ठेवणे हे ज्याचे त्याचे काम.) 'शाह मात' म्हणजेही राजा मेला असे नव्हे, तो निरुपाय झाला, असा अर्थ फारशीचे जाणकार लावतात. पण ज्याला नोटीसच मिळाली नाही आणि हलताही येत नाही, त्याचे काय करावयाचे?

नवव्या शतकात अल-अदली नावाचा अरबांचा मोठा खेळाडू होऊन गेला. अरबांत कोंडणारा जिंकत असे. पण हिंदी लोकांत जो कोंडला जातो तो जिंकला असे धरतात, हा फरक त्याने नोंदवून ठेवला आहे. पुढे आपल्याकडे जिच करण्यालाच मनाई आली. तशी चाल पडली तर मागे घ्यावयाची. स्पेनमध्ये सोळाव्या शतकात ती हलक्या प्रतीची जीत मानीत. इंग्लंडात तर सतराव्या शतकापासून सुमारे दोनशे वर्षे जिच करणाराच हरत असे! हा नियम मला मनापासून आवडतो. एवढे बळ हाताशी असून ज्याला धड शह देता आला नाही, त्याचा तो गुन्हा, शिक्षाही त्यालाच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या जेकब सॅरटने बरोबरीचा पुरस्कार केला आणि तोच नियम सर्वत्र रूढ झाला.

ह्या एका नियमाने डावाच्या अखेरीचे सारे शास्त्र बदलले. एका बाजूला राजा आणि प्यादे, दुसऱ्या बाजूला एकटा राजा. एकट्याने वजीर होऊ पाहणाऱ्या प्याद्याची वाट बरोबर अडवली, तर बलिष्ठापुढे दोनच मार्ग उरतात: प्यादे सोडून द्यावयाचे, किंवा जिच करावयाची. दोहोंतही अर्धा गुण दुबळ्याचा. लास्करसारख्या जगज्जेत्याने कोंडणाराला थोडे अधिक गुण द्यावेत असे सुचवले होते. ते मान्य झाले नाही, हे ठीकच झाले.

मालकांशी बोलणी अडली की वर्तमानपत्रे 'जिच निर्माण झाली' असे छापतात. शब्द पटावरचाच. पण टेबलाशी बसलेल्या दोघांचा त्याच्या अर्थाविषयी एकमत असतो असे मात्र नव्हे. एक समजतो समोरचा संपला, दुसरा समजतो आपण वाचलो. मी अशा बैठकांतून पहाटेपर्यंत बसलो आहे.

गॅलरीतले ते भांडण त्या दिवशी मिटले नाही. पट गुंडाळला गेला, दोघे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा बसले. जिच झाली तर काय, हे आधी ठरवले, आणि मग पहिले प्यादे हलले.