दीडशे गाणी, दोन तास

एखाद्या जुन्या रॉक बँडची कॉन्सर्ट जाहीर झाली की पहिली मारामारी होते तिकिटांवरून आणि दुसरी सेटलिस्टवरून. सेटलिस्ट म्हणजे त्या रात्री वाजणाऱ्या गाण्यांची यादी. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण बँडचं वय पन्नास असेल तर ही यादी करणं म्हणजे लग्नाच्या आमंत्रणांची यादी करण्यासारखं आहे. कोणाला तरी वगळावंच लागतं, आणि ज्याला वगळलं तो ते जन्मभर विसरत नाही!

उदाहरणासाठी आपला लाडका बँड घेतो. आयर्न मेडन. स्टीव्ह हॅरिसने १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये तो सुरू केला. १९८० ते २०२१ या काळात त्यांचे १७ स्टुडिओ अल्बम आले. गाणी मोजली तर दीडशेच्या वर जातात, आणि मेडनची गाणी म्हणजे तीन मिनिटांत आटोपणारा मामला नव्हे. दोन तासांच्या कार्यक्रमात बसतात जेमतेम पंधरा-सोळा. म्हणजे दर दहा गाण्यांतली नऊ घरीच राहणार. आता निवडायची कशी?

सगळ्यात सोपा रस्ता असा, की दहा-बारा हिट गाणी कायमची ठरवून टाकायची, नव्या अल्बममधली दोन चवीपुरती घालायची, आणि ती सुरू झाली की पब्लिकने पाणी प्यायला जायचं. पुष्कळ जुने बँड हेच करतात. यात कोणी फारसं नाराज होत नाही, हे खरं. पण काही वर्षांनी बँड स्वतःचंच म्युझियम होऊन बसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट मेंटेनन्स मोडमध्ये गेलं. बग नाहीत, पण नवीन फीचरही नाही.

दुसरं टोक मेडनने स्वतःच गाठून पाहिलं. ऑगस्ट २००६ मध्ये 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' हा अल्बम आला. दहा गाणी, सत्तर मिनिटांच्या वर. ऑक्टोबरमध्ये टूर सुरू झाली आणि पठ्ठ्यांनी अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ओळीने वाजवला. जुन्या गाण्यांना जागा मिळाली ती त्यानंतर, आणि तीही मोजकीच. बऱ्याच जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. मला मात्र त्या हट्टाचं कौतुक वाटतं. तिशी वर्षं वाजवणारा बँड 'आमचं आजचं काम आधी ऐका' असं म्हणतोय, आणि ते दिवसा-दोन दिवसांपुरतं नाही तर रोज म्हणतोय, याला छाती लागते.

पण हा हट्ट प्रत्येक गावात चालत नाही. मार्च २००७ मध्ये मेडन पहिल्यांदा भारतात आले, बंगलोरच्या पॅलेस ग्राउंडवर. लंडनवाल्याने ऐंशीच्या दशकात जुनी गाणी समोर उभं राहून ऐकली होती. आपल्याकडच्यांनी ती ऐकली कॅसेटवर, मग कॉपी केलेल्या सीडीवर. त्यांच्यासमोर सत्तर मिनिटं फक्त नवंच वाजवणं म्हणजे अन्याय झाला असता. तोपर्यंत बँडनेही यादी बदलली होती. नव्या अल्बमचा वाटा कमी केला, आणि 'द नंबर ऑफ द बीस्ट' या १९८२ च्या अल्बमला २५ वर्षं होत होती म्हणून त्यातली गाणी आत घेतली.

पुढच्याच वर्षी तर त्यांनी कमाल केली. १ फेब्रुवारी २००८ ला 'समव्हेअर बॅक इन टाइम' ही टूर सुरू झाली, आणि तिचा पहिला कार्यक्रम कुठे? मुंबईत, बीकेसीच्या मैदानावर! ब्रूस डिकिन्सन गातो ते गातोच, वर तेव्हा बँडचं बोइंग ७५७ विमानही चालवायचा. ते विमान घेऊन ही मंडळी उतरली. रंगमंच १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह'सारखा इजिप्शियन, आणि सोळा गाण्यांपैकी एक 'फिअर ऑफ द डार्क' सोडलं तर सगळी ऐंशीच्या दशकातली. तेरा मिनिटांचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'सुद्धा वाजलं. माझा मामेभाऊ तेव्हा कॉलेजात होता आणि त्या गर्दीत होता. दादा अजून म्हणतो, "त्या दिवशी जे ऐकलं त्यावर माझं जन्माचं भागलं."

आता गंमत बघा. २०१० मध्ये हाच बँड अमेरिकेत गेला तेव्हा बहुतेक यादी २००० नंतरच्या गाण्यांची होती. २०१२ मध्ये परत ऐंशीचं दशक. २०१६ मध्ये परत नवा अल्बम. एका रात्रीत सगळ्यांना खूश करायचा नाद त्यांनी सोडून दिला. हिशोब रात्रीचा नाही, दहा वर्षांचा ठेवला. एक टूर नव्यासाठी, एक जुन्यासाठी, आणि कुठली टूर कशासाठी आहे ते बहुतेक वेळा आधीच जाहीर. तिकीट काढणाऱ्याला ताटात काय येणार ते साधारण ठाऊक असतं.

या पद्धतीचा सगळ्यात चांगला नमुना २०२३ च्या 'फ्यूचर पास्ट' टूरमध्ये दिसला. पंधरा गाणी. पाच 'सेनजुत्सू' या २०२१ च्या अल्बममधली, पाच 'समव्हेअर इन टाइम' या १९८६ च्या अल्बममधली आणि उरलेली पाच इतर. त्यात 'अलेक्झांडर द ग्रेट' होतं. चाहते ते १९८६ पासून मागत होते आणि बँडने ते तोपर्यंत एकदाही स्टेजवर वाजवलं नव्हतं. सदतीस वर्षांची उधारी फेडली! आणि त्यासाठी जागा कोणी केली? 'रन टू द हिल्स' आणि 'द नंबर ऑफ द बीस्ट' या दोन हुकमी एक्क्यांनी. दोन्ही गाणी यादीत नव्हती.

दादाचं आणि माझं इथेच भांडण आहे. त्याच्या मते जुनं ते सोनं, नवीन गाणी घरी ऐकावीत. मी मेडन ऐकायला लागलो तोच 'सेनजुत्सू'पासून, लॉकडाऊननंतरच्या दिवसांत. माझ्यासाठी तेच माझ्या काळातलं संगीत आहे, इतिहास नाही. बँडने फक्त दादाचं ऐकलं असतं तर माझ्यासारख्यांसाठी तो बँड १९८८ मध्येच संपला असता.

अर्थात वेळही थांबत नाही. ड्रमर निको मॅकब्रेनला जानेवारी २०२३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. तरी त्याने ती टूर वाजवली आणि डिसेंबर २०२४ मध्ये साओ पाउलोला टूरवरून निवृत्ती घेतली. २०२५ मध्ये पन्नाशीची टूर सुरू झाली ती पहिल्या नऊ अल्बमवर, १९८० ते १९९२. पन्नासाव्या वाढदिवसाला जुने फोटो काढले तर कोण तक्रार करणार!

शेवटची यादी कशी असावी, याचं उत्तर मला कॅनडाच्या रश या बँडमध्ये सापडतं. २०१५ च्या 'आर-फोर्टी' टूरमध्ये त्यांनी उलटा प्रवास केला. सुरुवात सगळ्यात नव्या गाण्यांनी, मग मागे मागे जात शेवट १९७४ च्या पहिल्या अल्बमवर. स्टेजसुद्धा लहान होत होत अखेर शाळेच्या हॉलसारखं झालं. नीअल पर्टची ती शेवटची टूर ठरली, २०२० मध्ये तो गेला. त्या यादीत कोणावर अन्याय नव्हता. नव्याला पहिला मान आणि जुन्याला शेवटचा.

माझं मत विचाराल तर म्हाताऱ्या बँडने तीन गोष्टी पाळाव्यात. काय वाजवणार ते आधी सांगावं, दर वेळी एक तरी जुनी उधारी फेडावी, आणि नवीन गाणी 'माफ करा हं' अशा चेहऱ्याने वाजवू नयेत. बाकी शिव्या पडायच्या त्या पडणारच. :)