शैली आणि पुढाकार : फ्रँकी मॅनिंगच्या निमित्ताने

शैलीविचार शिकवताना एक प्रश्न दरवर्षी पुढे येतो. शैली म्हणजे आशयावर चढवलेला दागिना, की आशयाचेच रूप? वामनाने रीतीला काव्याचा आत्मा मानले, तेव्हापासून हा वाद आपल्या परिचयाचा आहे. या प्रश्नाचे एक लक्षणीय उत्तर विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील एका नृत्यगृहात मिळाले, आणि तेही नर्तकांच्या देहातून.

जोडीनृत्यात एक जण चाल सुचवतो आणि दुसरा ती ओळखून पूर्णत्वास नेतो. सुचवणाऱ्यास ‘लीडर’ म्हणतात. व्हर्नन आणि आयरीन कॅसल या दांपत्याने १९१४ मध्ये आधुनिक नृत्यावर पुस्तक लिहिले. पुढे १९२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग या संस्थेने बॉलरूम नृत्याची स्वतंत्र शाखा काढली आणि पावलांना प्रमाणरूप येऊ लागले. या परंपरेत लीडरची शैली म्हणजे ताठ कणा, स्थिर खांदे आणि जोडीदाराभोवती हातांची बांधीव चौकट. हे नृत्याचे व्याकरण होते, आणि सर्व व्याकरणांप्रमाणे त्यालाही एका वर्गाच्या शिष्टाचाराचा वास होता.

हार्लेममधील लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर १९२६ च्या मार्चमध्ये सॅव्हॉय बॉलरूम उघडले. वर्णभेदाच्या त्या काळात तेथे काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचत, ही गोष्ट असामान्य होती. तेथे बहरलेल्या ‘लिंडी हॉप’ नृत्याच्या पहिल्या पिढीचा नायक जॉर्ज ‘शॉर्टी’ स्नोडन. तो ठेंगणा, तर त्याची जोडीदार बिग बी चांगली उंच. स्नोडनने आपला ठेंगणेपणा लपवला नाही. गुडघे वाकवून, ते डावी-उजवीकडे झुलवत चालण्याची त्याची पद्धत ‘शॉर्टी जॉर्ज’ याच नावाने रूढ झाली. ज्याला जग उणीव म्हणते, तिलाच शैलीचे मूळ करणारा हा लीडर होता.

त्याच्यानंतरच्या पिढीतला फ्रँकी मॅनिंग (जन्म १९१४). नर्तक होण्यास तू फारच ताठर आहेस, असे आईने लहानपणी सुनावल्याची आठवण तो सांगे. या मुलाने तरुणपणी लीडरचा ताठ कणाच मोडीत काढला. धावपटू धाव घेण्याच्या बेतात असावा तसा तो कमरेतून पुढे झुकून नाचू लागला.

हे झुकणे निव्वळ देखाव्यासाठी नव्हते. लिंडी हॉपची मूळ चाल म्हणजे आठ मात्रांचा ‘स्विंगआउट’. दोघे जवळ येतात, एकमेकांभोवती गिरकी घेतात आणि जोडीदार वेगाने बाहेर फेकली जाते. अखेरीस दोघांत उरतो तो एका हाताचा दुवा. त्या क्षणी लीडर ताठ उभा राहिला तर तिच्या वेगाने त्याचा तोल ढळतो. त्याने गुडघे सैल सोडून वजन खाली घेतले, तर त्याच वेगाला तो आधार देऊ शकतो. मोकळा हात दूर पसरतो तोही तोल साधण्यासाठी. प्रेक्षकाला जो डौल दिसतो, तो नाचणाऱ्यांच्या लेखी भाराचा हिशेब असतो.

स्नोडन आणि बिग बी यांचा एक लोकप्रिय शेवट होता : ती त्याला पाठीवर घेऊन निघून जाई. १९३५ च्या सुमारास मॅनिंग आणि फ्रीडा वॉशिंग्टन यांनी एका स्पर्धेत त्याला उत्तर दिले. पाठीला पाठ लावून त्याने तिला स्वतःवरून उलटवले आणि ती नेमक्या तालावर पायांवर उतरली. लिंडी हॉपमधील पहिली हवाई चाल म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात पुढाकार त्याचा होता, पण उड्डाण तिचे होते.

१९४१ च्या ‘हेल्झापॉपिन’ या चित्रपटात मॅनिंगचा चमू अफाट वेगाने नाचतो, पण नोकर, स्वयंपाकी आणि कामकऱ्यांच्या पोशाखात. हॉलीवूडने त्यांना दिलेली जागा तीच होती. तेथेही मॅनिंगचे झुकणे चाकराचे वाटत नाही, इतके ते त्याचे स्वतःचे आहे. शैलीने प्रतिष्ठा राखली जाते ती अशी.

पुढे काळ बदलला. सॅव्हॉय १९५८ मध्ये बंद झाले. मॅनिंगने अनेक वर्षे टपालखात्यात नोकरी केली. १९८० च्या दशकात तरुण नर्तक त्याला शोधत आले, १९८९ मध्ये ‘ब्लॅक अँड ब्लू’च्या नृत्यरचनेसाठी त्याला टोनी पुरस्कार विभागून मिळाला आणि २००९ मध्ये निधन होईपर्यंत तो जगभर शिकवत राहिला. जोडीदार ही राणी आहे, तिला वाकून अभिवादन करा, असे तो लीडरना सांगे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. जोडीदार अडखळत असताना लीडरने हाताची कितीही सुंदर वळणे घेतली, तरी तो उसना अलंकारच राहतो. मॅनिंगची शैली दुसऱ्याच्या हालचालीला दिलेल्या प्रतिसादातून घडली. वाचकाचा तोल सांभाळत त्याला दूरवर नेणाऱ्या गद्याविषयीही याहून वेगळे काय म्हणायचे असते?