रब्बर सिंगच्या सायकली

२८ फेब्रुवारी २०२५ला रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला. त्यानंतर आठवडाभर पुण्या-मुंबईचे मित्र मला एकच प्रश्न विचारत होते. “खरंच असं काही होतं का तुमच्या मालेगावात?” त्यांना मालेगाव ठाऊक होते ते दंगल, बॉम्बस्फोट आणि यंत्रमाग या तीन शब्दांपुरते. या यादीत ‘सिनेमा’ हा चौथा शब्दही बसतो, हे त्यांना एका हिंदी चित्रपटाने सांगावे लागले.

मालेगाव माझे आजोळ. आमच्यासाठी तो चौथा शब्द खरे तर पहिलाच होता. एका सुट्टीत मामूंच्या घरी, रात्रीची जेवणे आटोपल्यावर व्हीसीडी प्लेअरभोवती सगळे घर गोळा झाले. नानी, दोन्ही खाला, शेजारच्या आपा आणि आम्ही पोरे. पडद्यावर ‘मालेगाव के शोले’ सुरू होता. डाकू आले, पण घोड्यांवरून नव्हे, सायकलींवरून. नानी इतकी हसली की दुपट्ट्याने डोळे पुसत राहिली. पुढे एका प्रसंगात धाकटी खाला एकदम ओरडली, “ठैरो ठैरो, पीछे लो! वो अपनी गल्ली है ना?” मामूंनी चित्र मागे नेले. मग रब्बर सिंग राहिला बाजूला आणि आम्ही गल्लीच पाहत बसलो. भिंतीवर वाळत घातलेली चादर कोणाची, यावरही चर्चा झाली.

त्या चित्रपटांची आठवण आज का येते, याचे उत्तर मला त्या मागे नेलेल्या चित्रात सापडते. ते विनोद फार थोर नव्हते. पण त्या शहराने स्वतःकडे स्वतःच्या कॅमेऱ्याने पाहिल्याचा दुसरा पुरावा मला ठाऊक नाही.

मागाचे शहर, शुक्रवारची सुट्टी

मोसम नदी मालेगावचे दोन भाग करते. पूर्वेला मुख्यतः मुस्लिम वस्ती, पश्चिमेला मुख्यतः हिंदू. १७४० साली नारोशंकर राजेबहादूर यांनी इथे भुईकोट किल्ला बांधायला घेतला. त्या कामासाठी सुरत आणि उत्तर हिंदुस्थानातून कारागीर आले. पुढे १८५७च्या बंडानंतरची धरपकड आणि १८६२चा दुष्काळ यांमुळे बनारसकडचे मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले आणि त्यातले बरेच इथे स्थिरावले. हातमाग गेले, यंत्रमाग आले, पण धागा सुटला नाही. या येण्या-जाण्यातून एक बोली घडली. ती उर्दूच, पण तिच्यात मराठी मिसळलेली आणि आसपासच्या अहिराणीचा हेल उतरलेला. लखनौच्या माणसाला ती अशुद्ध वाटते. मालेगावकराला मात्र लखनौची भाषा मुशायऱ्यात ठीक वाटते, भांडणात आणि थट्टेत ती कामाची नाही.

यंत्रमाग कामगाराची पाळी बारा तासांची. विणेल तेवढ्या कापडाचे पैसे. कानात सतत खटखट. सुट्टी रविवारी नाही, शुक्रवारी. त्या दिवशी माग बंद, जुमाची नमाज आणि मग सिनेमा. मालेगावच्या थिएटरात नायकाचा प्रवेश होताच शिट्ट्या, नोटांची उधळण, प्रसंगी फटाकेसुद्धा. २०२३ साली ‘टायगर ३’च्या खेळात मोहन सिनेमात प्रेक्षकांनी फटाके फोडले तेव्हा देशभर बातमी झाली. त्यातला धोका खराच होता, कौतुक करण्यासारखे त्यात काही नाही. पण आठवड्यातले सहा दिवस यंत्राच्या आवाजात बुडालेला माणूस सातव्या दिवशी स्वतःचा आवाज किती मोठा करतो, हेही त्यातून कळते.

बैलगाडीची क्रेन

याच शहरात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचा. तिथे ब्रूस ली असायचा, चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटनही असायचे. मूकपटाला भाषेची अडचण नाही, त्यामुळे हॉलिवूडचे १९२०चे दशक इथल्या माग कामगारापर्यंत थेट पोहोचले. दोन व्हीसीआर जोडून एका कॅसेटवरचे तुकडे दुसऱ्या कॅसेटवर घेता घेता नासिर संकलन शिकला. लग्नाचे चित्रीकरण करता करता कॅमेरा हाताळायला शिकला. या धंद्याला दुसरी बाजूही होती. पार्लरमध्ये फिरणाऱ्या चित्रफिती अनेकदा चोरीच्या असत. ‘सुपरबॉइज’मध्ये पोलिसांची धाड पडते आणि त्यानंतर नायक स्वतःचाच चित्रपट काढायचे ठरवतो.

२००० साली ‘मालेगाव के शोले’ आला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. मूळ ‘शोले’च्या कलाकारांसारखे दिसणारे लोक गावातूनच शोधले गेले. गब्बरचा रब्बर झाला, बसंतीची बासमती झाली. ट्रॉली परवडत नव्हती म्हणून सायकलीवर कॅमेरा, क्रेन नव्हती म्हणून बैलगाडी. फरोग जाफरी यांच्यासारखे लेखक, अक्रम खान यांच्यासारखे साथीदार आणि पाळी संपवून येणारे नट अशी ती मंडळी होती. चित्रपट नासिरच्याच पार्लरमध्ये लागला आणि गर्दी हटेना.

त्यानंतर रांग लागली. ‘मालेगाव की शान’, ‘मालेगाव की लगान’, ‘मालेगाव का डॉन’, ‘मालेगाव का चिंटू’. इतरांनीही कॅमेरे उचलले. या चित्रपटांत कथा सलग नव्हती, पात्रे बदलत होती. तरी ती एक मालिकाच होती, कारण प्रत्येक नाव गावाच्या नावाने सुरू व्हायचे. मुंबईने शंभर वेळा गाव दाखवले, पण त्याला रामगढ असे खोटे नाव दिले. इथे खरे गाव होते आणि ते शीर्षकातच होते.

या विडंबनात मुंबईची टिंगल होती का? थोडी होती. पण जास्त टिंगल स्वतःची होती. आपल्याकडे घोडा नाही, हे सगळ्यांना माहीत होते. मग घोड्याचे सोंग आणण्यापेक्षा सायकलच ऐटीत पुढे करायची. गरिबी लपवायला गेलात तर लोक तुम्हाला हसतात. ती आधीच मांडून ठेवली की लोक तुमच्याबरोबर हसतात. हा फरक त्या प्रेक्षकाला नेमका कळत होता, कारण पडद्यावरची सायकल त्याच्याच पार्लरबाहेर उभी होती.

बाहेरचा कॅमेरा आणि आतला

ऑक्टोबर २००१मध्ये मालेगावात दंगल पेटली, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. ८ सप्टेंबर २००६ला शब-ए-बरातच्या दिवशी, जुमाच्या नमाजनंतर बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले आणि ३०हून अधिक लोक मरण पावले. मेलेले मुस्लिम, आणि आधी अटक झालेलेही मुस्लिम. त्या तरुणांना दोषमुक्त व्हायला २०१६ साल उजाडले. २९ सप्टेंबर २००८ला पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. त्या खटल्यातील सर्व आरोपी ३१ जुलै २०२५ला निर्दोष सुटले.

ही वर्षे आणि या चित्रपटांची वर्षे एकच आहेत. बाहेरून येणारा कॅमेरा मालेगावात तेव्हाच यायचा, जेव्हा रस्त्यावर रक्त किंवा संचारबंदी असे. त्या कॅमेऱ्यासमोर मालेगावचा मुसलमान एक तर रडत होता, नाहीतर सफाई देत होता. आतल्या कॅमेऱ्यासमोर तोच माणूस चड्डीची नाडी सावरत, छाती फुगवत, उडायला निघाला होता.

‘मालेगाव का सुपरमॅन’च्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी २००८मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो २०१२ साली देशात थिएटरांतही लागला. सुपरमॅन झाला होता शफीक शेख, हडकुळा यंत्रमाग कामगार. ट्रकला हिरवा पडदा लावून, त्याला आडवे धरून उडवले गेले. चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडला, काम थांबले, पुन्हा सुरू झाले. कथेतल्या खलनायकाला घाण आवडते आणि शहराच्या धुळीने सुपरमॅनला दमा होतो. महानगरपालिकेला लिहिलेले हे एक निवेदनच म्हणा, फक्त अर्जाच्या जागी चित्रपट होता. शफीकला पुढे कर्करोग झाला आणि २०११मध्ये तो वारला. लोकांना तंबाखूच्या तावडीतून सोडवू पाहणाऱ्या सुपरमॅनचा असा शेवट कुठल्याच लेखकाने लिहिला नसता.

पडद्यावर नसलेल्या बाया

आठवणींचा एक दोष असतो. त्या गोड तेवढेच ठेवतात. म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. नानी आणि खाला ज्या चित्रपटांवर पोट धरून हसल्या, त्यांत मालेगावची बाई जवळजवळ नव्हतीच. गावातल्या मुलींनी कॅमेऱ्यासमोर यायची सोय नव्हती, त्यामुळे अभिनेत्री बाहेरगावाहून आणाव्या लागत. व्हिडिओ पार्लरमध्येही पुरुषांचीच गर्दी. बायकांपर्यंत हे चित्रपट पोहोचले ते व्हीसीडीवर, घरात, भांडी घासून झाल्यावर. कुटुंबाने मिळून पाहायचा चित्रपट तो तिथे झाला.

यावर ‘मुसलमान समाज मागासच’ असा शेरा मारायला काही जण तयारच असतात. त्यांनी याच नाशिक जिल्ह्याचा इतिहास पाहावा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी एक बाई मिळाली नव्हती. तारामती झाले अण्णा साळुंके, एका खाणावळीत काम करणारा तरुण. पुढे नाशिकला केलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांनी स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केले. घरच्या माणसांना राबवून, हाताशी असेल त्यातून चित्रपट उभा करायचा, ही या जिल्ह्याची जुनी रीत आहे. मात्र फाळक्यांच्या अडचणीला शंभरावर वर्षे झाली. त्यांचा दाखला देऊन आजची अडचण समजून घेता येते, माफ करता येत नाही. माझी धाकटी खाला घरात अख्ख्या मोहल्ल्याच्या नकला करायची. तिच्यासारख्या किती जणींचा विनोद त्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही.

उरले काय

स्वस्त कॅमेऱ्याने सुरू झालेले हे युग आणखी स्वस्त फोनने संपवले. व्हीसीडी गेली, पार्लर गेले. नट यूट्यूबवर गेले. खानदेशी विनोदाच्या छोट्या चित्रफितींतून ‘छोटू दादा’ या नावाने मालेगावचाच एक कलाकार देशभर पाहिला जातो. हसणे थांबलेले नाही. पण दीड-दोन तास एकत्र बसून, आपल्याच गल्लीत, आपल्याच माणसांवर हसणे मागे पडले.

नासिर आणि त्याच्या मित्रांची कहाणी आता सुरक्षित आहे. एक माहितीपट आणि एक हिंदी चित्रपट तिला मिळाला. पण त्यांनी केलेले चित्रपट? ते कॅसेटींवर आणि ओरखडे पडलेल्या चकत्यांवर आहेत, त्याही पुन्हा पुन्हा प्रती काढून फिकट झालेल्या. ‘राजा हरिश्चंद्र’सारख्या मान्यवर चित्रपटाचीही थोडीच रिळे उरली आहेत. तिथे ‘मालेगाव की शान’ची काय कथा! पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्याच्या कपाटात दादासाहेबांशेजारी रब्बर सिंगलाही जागा हवी. उद्याचा इतिहासकार २००१ ते २००८चे मालेगाव लिहायला बसेल तेव्हा त्याच्यासमोर पंचनामे, आरोपपत्रे आणि चौकशी अहवालांचे ढीग असतील. त्यांत माणसांची नावे, वये, जखमा सापडतील. ती माणसे कशी बोलत, कशावर हसत, त्यांच्या गल्लीत चादरी कुठे वाळत, हे त्याला या बावळट चित्रपटांतच शोधावे लागेल.

तुमच्या घरच्या कपाटात अशी एखादी चकती असेल तर आजच तिची प्रत काढा. सोबत एका कागदावर लिहून ठेवा की गल्ली कोणती, नट कोण, साल कोणते.

मामूंच्या घरची चकती मी मागच्या ईदला शोधून काढली. नानी आता नाही. ती गल्लीही ओळखू येत नाही, दोन्ही बाजूंनी मजले चढले आहेत. चकती अर्ध्यावर येऊन अडकते. तेवढी अर्धी मी उतरवून घेतली आहे. गल्लीचा प्रसंग त्या अर्ध्यात आहे.