सुटे भाग पास, जोडणी नापास

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास म्हटले की टेल्को आणि बजाज ही नावे पुढे येतात. त्यांना सुटे भाग पुरवणारी भोसरीची लहान वर्कशॉपे मात्र मागेच राहतात. या वर्कशॉपांनी रुळवलेले एक साधे हत्यार म्हणजे गेज. त्याचे ‘गो’ टोक भोकात शिरलेच पाहिजे आणि ‘नो-गो’ टोक शिरता कामा नये. एवढे झाले की भाग पास.

पण सगळे भाग पास झाले म्हणजे यंत्र जुळले, असे होत नाही. समजा, ३० मिलिमीटरच्या फटीत १० मिलिमीटरच्या तीन चकत्या बसवायच्या आहेत आणि प्रत्येक मापात ०.१ मिलिमीटरची चूक चालते. १०.१ची चकती पास आणि २९.९ची फटही पास! पण तीन चकत्या मिळून ३०.३ होतात. (हे गणित वर्गात जरूर द्यावे.) यावरचा उपाय गेजवरच लिहिलेला असतो. सुट्या भागाच्या टोकाच्या मर्यादा घ्यायच्या आणि त्यांच्यावरून जोडणीची परीक्षा घ्यायची.

सॉफ्टवेअर लिहिणारे या वाटेवर बरेच उशिरा आले. केंट बेक यांनी १९९४ मध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी, आणि १९९७ मध्ये एरिक गामा यांच्यासह जावासाठी, आज्ञावलीचे तुकडे आपोआप तपासण्याची साधने तयार केली. अशी ‘युनिट टेस्ट’ म्हणजे गेजच. अमुक आकडा दिला तर तमुक उत्तर आले पाहिजे. शेजारचा तुकडा तयार नसेल, तर ठरावीक उत्तरे देणारा नकली तुकडा लावतात. पुढे नकली काढून खरा जोडायचा आणि तीच चाचणी पुन्हा चालवायची. नवी जोड-चाचणी लिहिण्याचे बरेच श्रम वाचतात.

मात्र आकडे नव्या जागेचे हवेत. ४ जून १९९६ रोजी ‘एरियान-५’ अग्निबाण सुमारे ४० सेकंदांत फुटला आणि चार ‘क्लस्टर’ उपग्रह गेले. त्यातली दिशादर्शक यंत्रणा ‘एरियान-४’ची, तिथे पारखलेली. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग बराच जास्त होता. त्यावरून काढलेली एक संख्या ३२७६७च्या वर गेली, १६ बिटांत मावेना आणि यंत्रणा बंद पडली. जोडीची राखीव यंत्रणाही त्याच कारणाने बंद पडली होती. जोड-चाचण्यांत ही यंत्रणा खरी नव्हतीच, तिच्या जागी नकली होती. जुन्याच यंत्रणेला नव्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन पाहिले असते, तर दोष जमिनीवरच सापडला असता. चौकशीत नेमके तसेच करून पाहिले, तेव्हा तो सापडला.

आज चाकणला जुळणाऱ्या मोटारींत इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांचे छोटे संगणक वेगवेगळे असतात, आणि बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीने ते एकाच तारजोडीवर बोलतात. ब्रेकचा संगणक आधी टेबलावर इंजिनाचे नकली संदेश देऊन तपासतात. तीच चाचणी खऱ्या इंजिनासह पुन्हा घेतली, की दोघांच्या मर्यादा एकमेकींत बसतात का ते कळते.