सांगून कोण ऐकतो?

तंबाखूचा विषय निघाला की गडचिरोलीच्या डॉक्टरमंडळींत एक मत हमखास ऐकू येते: सांगून कोणी सोडत नाही, डॉक्टरने ताप बघावा, खर्ऱ्याचे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचे) ग्रामसभा आणि पोलीस बघतील. हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. भामरागडला ओपीडीत मलेरियाची रांग असते, पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद. जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी असल्याने बंदीवर भिस्त ठेवायची सवयही जुनी.

पण मुळात सांगितले कोणी? २०१६-१७च्या देशव्यापी सर्वेक्षणात, डॉक्टरकडे जाऊन आलेल्या बिडी-सिगारेटवाल्यांपैकी ४८.८ टक्क्यांना ‘सोडा’ असा सल्ला मिळाला होता. तंबाखू खाणाऱ्यांपैकी ३१.७ टक्क्यांनाच. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ओढणारे ३.८ टक्के, खाणारे २४.४. ‘बिडी पिता का?’ या प्रश्नाला रुग्ण खरेपणाने ‘नाही’ म्हणतो आणि पन्नीतला खर्रा खिशातच राहतो.

सल्ल्याचे मोजमाप १९७९ सालीच झाले आहे. मायकेल रसेल यांनी लंडनमधल्या २८ जनरल प्रॅक्टिशनरांचे दोन हजारांवर रुग्ण वर्षभर तपासले. ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांच्यातले ०.३ टक्के सुटलेले राहिले. मिनिट-दोन मिनिटांच्या सल्ल्याने ३.३; त्याला पत्रकाची आणि ‘मी पुन्हा विचारणार आहे’ या बजावणीची जोड दिल्यावर ५.१. डॉक्टरला न सुटलेले पंचाण्णव दिसतात, म्हणून तो हात टेकतो. पाच टक्के थोडे खरे, पण खर्चही दोन मिनिटांचाच.

‘ते लंडन, हे भामरागड.’ मान्य. रसेलचे रुग्ण सिगारेटवाले होते, आकडे जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत. मात्र ‘माडिया आदिवासी डॉक्टरचे ऐकत नाही’ हे भामरागडजवळच्या हेमलकशात कोणी म्हणू नये. १९७३ साली तिथे आरोग्यसेवेचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा आजारी माणूस मांत्रिकाकडे जाई. आज छत्तीसगडातूनही रुग्ण तिथे येतात. ‘रुग्णाची पुन्हा भेट होत नाही’ हा आक्षेपही अर्धसत्य. क्षयाचा रुग्ण निदान सहा महिने संपर्कात असतो, आणि आशाताई तर गावातच राहतात.

इथला सल्ला मात्र इथलाच हवा. रुग्णाला तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगावे. जात नसतील तर सुपारीने तोंड आवळत चालले आहे, हे त्याला स्वतःलाच कळते. व्याख्यानाची गरज उरत नाही. अशा तोंडाला निकोटिनचे च्युइंगगम चघळणेही जड, त्याला त्वचेवर लावायची पट्टी बरी. आणि सुपारीची सवय वेगळी असते, ती निकोटिनने भागत नाही. तंबाखू सुटून सुपारी चालू राहिली तर तोंड आवळतच जाते. निकोटिनची ही औषधे २०२२च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आली आहेत, तेव्हा ती तालुक्याला मागवणे ही चैन नव्हे.

बंदीला माझा विरोध नाही. २०१६पासून जिल्ह्यात चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती अभियानानेही गावसंघटन आणि कायद्याच्या जोडीला उपचार ठेवलाच आहे. दवाखान्याने निदान केसपेपरवर बीपीशेजारी एक ओळ वाढवावी: खर्रा, दिवसाला किती, आणि पुढच्या खेपेला तीच ओळ आधी वाचावी.