दप्तराची दुसरी प्रत कुठंय?

मंडळी, 'रेड' म्हटलं की आपल्याकडं आधी धाड आठवते. आजची रेड वेगळी आहे. अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून माहिती जपायची ही पद्धत. विषय संगणकाचा वाटेल, पण पालममधल्या आपल्या सातबाऱ्याशी आणि शाळेच्या निर्गम उताऱ्याशी त्याचा थेट संबंध आहे.

१९८०च्या दशकात मोठ्या संगणकांच्या डिस्क प्रचंड महाग होत्या, तर घरगुती संगणकांच्या लहान डिस्क स्वस्त व्हायला लागल्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एक निबंध मांडला: एका महाग डिस्कऐवजी लहान-लहान अनेक जोडा. अडचण त्यांनीच सांगितली. एक लहान डिस्क सरासरी ३०,००० तास चालत असेल, तर शंभर डिस्कच्या संचात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, एखादी तरी बंद पडणार.

मग उपाय? थोडी जागा जास्तीची ठेवायची. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे दोन डिस्कवर तीच माहिती लिहायची. त्याला रेड १ म्हणतात. दुसरी युक्ती हिशेबाची. एका डिस्कवर ७, दुसरीवर ५ आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२. पहिली गेली तरी १२ मधून ५ वजा केले की ७ परत मिळतात. संगणक बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब ठेवतो, पण तत्त्व हेच. रेड ५ यावरच चालतं. रेड ० मध्ये मात्र नुसता वेग मिळतो. त्यात एक डिस्क गेली की सगळंच गेलं.

रेडच्या मूळ इंग्रजी नावात डिस्क 'स्वस्त' होत्या, पुढं त्या जागी 'स्वतंत्र' शब्द आला. पण एकाच पेटीत, एकाच विजेच्या तारेवर, एकाच छपराखाली असलेल्या डिस्क कितपत स्वतंत्र? वीज कोसळली, आग लागली, कुणी फाईल पुसली किंवा व्हायरस घुसला, तर सगळ्या एकदमच जातात. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, तेव्हा कितीतरी कागदी फायलींची राख झाली. राज्याच्या मुख्य कार्यालयाची ही गत, तर तालुक्याचं काय?

आता आपला इतिहास बघा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जुनी दप्तरं उर्दूत, काही मोडीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली, तेव्हा तहसीलच्या अभिलेख कक्षांतले गठ्ठे सुटले, आणि शोध थेट हैदराबादपर्यंत गेला. आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली: ज्या कागदाला कित्येक वर्षं कुणी हात लावला नव्हता, त्याच्यावर अचानक लेकराबाळांचं भविष्य अवलंबून राहिलं. ज्याच्या गावचं पान वाळवीनं खाल्लं, आणि दुसरी प्रतच नाही, त्यानं कुठं जायचं?

आता कागद स्कॅन होतायत, चांगलंच आहे. पण "सर्व्हरमध्ये रेड आहे" एवढ्यावर भागत नाही. रेडमुळं डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही. बॅकअप म्हणजे वेगळ्या जागी ठेवलेली वेगळी प्रत. रेड हे बॅकअप नव्हे, हे दुकानदार सांगो न सांगो, आपण लक्षात ठेवायचं.

तर येत्या ग्रामसभेत एवढं विचारा: आपल्या गावच्या नोंदींची दुसरी प्रत कुठंय? ती वेगळ्या इमारतीत आहे का? आणि ती उघडते का, हे शेवटचं कुणी, कधी तपासलं?

उत्तर मिळालं तर खाली लिहा. नाही मिळालं तरी लिहा.