विष शोधायचे कुठे?

पटकी म्हणजे कॉलरा झालेला माणूस काही तासांत हातचा जातो. तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब सुरू होतात. आजार तीव्र असेल तर तासाला लिटरभर पाणीही शरीराबाहेर पडते, डोळे खोल जातात, नाडी लागेनाशी होते. जुलाबांत रक्त मात्र नसते. मग एवढे पाणी येते कुठून, आणि जंतू आतड्यात नेमके करतात तरी काय? या प्रश्नाचे उत्तर मिळायला ७५ वर्षे लागली.

रॉबर्ट कॉख १८८३ च्या अखेरीस आपल्या पथकासह कलकत्त्यात आले. स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पटकीस कारण होतो, असे त्यांनी १८८४ च्या सुरुवातीस जाहीर केले. (फिलिप्पो पाचिनी यांनी फ्लोरेन्समध्ये तो १८५४ सालीच पाहिला होता, पण त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.) हा जंतू आतड्यात विपुल सापडे, रक्तात मात्र सापडत नसे. तेव्हा तो आतड्यात राहून एखादे विष तयार करत असावा, असा तर्क कॉख यांनी केला.

तर्क बरोबर होता. चुकली ती शोधण्याची जागा. विष म्हटले की ते टोचून पाहायचे, हा त्या काळचा शिरस्ता. घटसर्पाचे आणि धनुर्वाताचे विष याच मार्गाने सापडले होते. पटकीच्या जंतूंचा अर्क गिनीपिगच्या उदरपोकळीत टोचला की प्राणी मरे, पण त्याला जुलाब होत नसत. जुलाबांशिवाय पटकी कसली? तरीही पुढे कित्येक वर्षे या वाटेने प्रयोग चालू राहिले. शवविच्छेदनात आतड्याचे अस्तर सुटलेले दिसे, म्हणून जंतू अस्तरच नष्ट करतात असेही पुष्कळांना वाटे.

शंभुनाथ डे हे कलकत्त्यातील विकृतिशास्त्रज्ञ. लंडनला पीएच.डी. करून ते १९४९ साली परतले आणि पटकीच्या मागे लागले. त्यांचा १९५३ सालचा प्रयोग वर्गात फळ्यावर काढून दाखवावा इतका सोपा आहे. सशाला भूल देऊन पोट उघडायचे. लहान आतड्याचा एक तुकडा न कापता दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा आणि त्या बंद नळीत पटकीचे जंतू सोडायचे. शेजारचा तसाच बांधलेला तुकडा जंतूंविना ठेवायचा. पोट शिवून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहायचे. जंतू घातलेला तुकडा द्रवाने टम्म फुगलेला असे, शेजारचा रिकामा. दोन्ही तुकडे एकाच सशाचे, म्हणून तुलनेला जागाच उरत नव्हती असे म्हणण्यापेक्षा, तुलना सशाच्या पोटातच मांडून ठेवली होती असे म्हणावे! असा प्रयोग १९१५ सालीही झाला होता, पण तो विस्मृतीत गेला होता.

पुढची पायरी १९५९ ची. डे यांनी जंतू वाढवलेला द्रव गाळून घेतला. त्यात एकही जंतू नव्हता, तरी आतड्याचा तुकडा फुगला. म्हणजे विष जंतूच्या बाहेर होते, आणि ते आतड्याच्या पोकळीतूनच काम करत होते. हा निबंध त्या वर्षी 'नेचर'मध्ये आला. त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता आणि त्यांचे सहकारी सशांच्या पिल्लांवर प्रयोग करून पटकीच्या विषापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले. १९६० साली युजीन गॅन्गारोसा आणि सहकाऱ्यांनी थायलंडमधील जिवंत रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासले. अस्तर शाबूत होते. शवात दिसे ते मृत्यूनंतरचे.

आता आपण पेशीत डोकावू. हगवणीचा शिगेला जंतू पेशीच्या आत घुसतो. पटकीचा जंतू बाहेरच राहतो आणि विष आत धाडतो. विषाच्या रेणूचे पाच भाग पेशीच्या पृष्ठभागावरील एका स्निग्ध रेणूला चिकटतात. सहावा आत जातो. पेशीत एक प्रथिन बटणासारखे काम करते, चालू होते आणि आपोआप बंद होते. सहावा भाग या प्रथिनावर एक रासायनिक गट चिकटवतो आणि बटण बंदच होत नाही. परिणामी सायक्लिक एएमपी हा रेणू भराभर तयार होत राहतो. क्लोराइड पेशीबाहेर वाहते, त्यामागून सोडियम आणि पाणी. नळ उघडून त्याची चावी कोणी मोडून टाकावी, तसे हे आहे. पेशी मरत नाही. ती जंतूच्या हुकमाने काम करते.

पेशी जिवंत असते, यातच रुग्णाचे प्राण अडकलेले असतात. साखर आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारे पेशीचे दार निराळे आहे. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली त्याची कल्पना मांडली. विष त्या दाराला हात लावत नाही. त्यामुळे मीठ आणि ग्लुकोज एकत्र दिल्यास जुलाब चालू असतानाही पाणी शोषले जाते. नुसते पाणी पाजून हे साधत नाही.

१९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजायला सुरुवात केली. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले.

डे यांना १९७८ साली नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले. जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले होते. आपल्या देशातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सदस्यत्व दिले नाही, आणि याचे आम्हा संशोधकांना आजही ओशाळे वाटते. डे १९८५ साली वारले. पाच वर्षांनी 'करंट सायन्स' या आपल्याच नियतकालिकाने त्यांच्यावर विशेषांक काढला.